वेरूळचा चित्रकार, कावसजीचे नाक आणि मेणाचा नकाशा

थ्रेड 🧵

१८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये असलेला एक देखणा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काम थॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली झाले. मूळ रेखाटने मात्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. वेल्स १७९५ मध्येच वारले होते. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवणारे ते हेच. पण त्यांनी रंगवलेला आणखी एक चेहरा या दरबारी चेहऱ्यांहून दूरवर पोहोचला.

तो चेहरा कावसजीचा. नाव पारशी वाटते, परंतु समकालीन वृत्तान्तात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो इंग्रज फौजेचे बैल हाकत असे. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले.

पद्धत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. आधी पातळ मेणाला नाकाचा आकार देऊन ते तुटलेल्या जागी बसवून पाहिले जाई. आकार जमला की तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवून, भुवयांमधला अरुंद पट्टा रक्तपुरवठ्यासाठी तसाच जोडलेला ठेवून, ती खाली वळवून बसवली जाई. म्हणजे उंचसखल आकाराचे माप सपाट पृष्ठभागावर उतरवून शस्त्रक्रिया आधी आखली जात होती! सुश्रुतसंहितेत हेच माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितले आहे. कातडी मात्र गालाची.

ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तान्त चित्रासह छापला गेला. चेहऱ्यासोबत मेणाच्या पट्टीची आकृतीही होती. पुढे १८१४ मध्ये लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी याच रीतीने नाक बसवले. वृत्तान्तात शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत, चित्रकाराचेही आहे. शस्त्र चालवणाऱ्याची फक्त जात नोंदली आहे. मला ही नोंद सर्वांत बोचते.

मेणाला एक मर्यादा होती. ते कातडीचे माप देई, आतल्या हाडाचे नाही. ही अडचण वेरूळला सहज कळते. दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग कितीही बारकाईने रेखाटला, तरी आतल्या चैत्यगृहाची अर्धवर्तुळाकार मागची बाजू त्यात दिसणार नाही. आणि नुसत्या तलविन्यासात सज्जावरचे गवाक्ष दिसत नाही. दोन्ही कागद हवेत, आणि तेही एकाच मापावर.

चेहऱ्याच्या बाबतीत आज हे संगणकावर जुळते. अनेक कॅमेरे एकाच क्षणी छायाचित्रे टिपतात. त्यांतून त्वचेचा रंगासह त्रिमितीय पृष्ठभाग तयार होतो. सीटी स्कॅन हाडे दाखवतो, पण त्वचेचा रंग आणि पोत त्यात नसतो. शिवाय रुग्ण आडवा असल्याने गाल किंचित मागे ओघळलेले असतात. म्हणून दोन्ही एकमेकांवर बसवताना ओठ किंवा गाल नव्हे, तर कपाळ आणि नाकाचे मूळ यांचा आधार घेतात. हावभावाने ते भाग फारसे हलत नाहीत. मग शल्यविशारद पडद्यावर जबड्याचे हाड सरकवून वरचा चेहरा कसा दिसेल ते पाहतो. दिसतो तो अंदाजच, कारण हाड जितके सरकते तितकीच त्वचा सरकेल असे नसते. ओठांबाबत तर हा अंदाज विशेष चुकतो.

कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची रीत आजही चालू आहे, विशेषतः त्वचेच्या कर्करोगामुळे नाक गमावलेल्या रुग्णांसाठी. कित्येक शस्त्रक्रियागृहांत टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी नाकाच्या मापाने कापतात, कपाळावर ठेवतात आणि तिच्या कडेने रेघ मारतात.