चलाची व्याप्ती : एकात एक लूप आणि फाइलवाचन

प्रोग्रॅममध्ये एखाद्या चलाचे, म्हणजेच व्हेरिएबलचे, नाव जेवढ्या भागात ओळखले जाते ती त्याची व्याप्ती. बाहेरच्या लूपमध्ये एक आणि आतल्या लूपमध्ये दुसरी फाइल वाचताना ही व्याप्ती न सांभाळल्यास उत्तर चुकते. बहुधा त्रुटीचा संदेशही येत नाही, म्हणून हे दोष गंभीर मानावेत.

वाचनस्थान. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याचा सांकेतांक ५१० असून जिल्ह्यात १६ तालुके आहेत. तालुक्यांची फाइल बाहेर व गावांची आत ठेवून तालुकावार गावे काढायची आहेत, असे समजू. पायथनमध्ये दोन्ही फाइली लूपच्या आधीच उघडल्या, तर पहिल्या तालुक्यापाशीच गावांची फाइल संपते. पुढे आतला लूप एकदाही फिरत नाही. या जिल्ह्यातील महागाव तालुका यादीत पहिला नसेल तर त्याच्यापुढे शून्य गावे दिसतात. वाचनस्थान लूपच्या चलात नसते, ते उघडलेल्या फाइलीकडे असते आणि नव्या फेरीला आपोआप मागे येत नाही. दर फेरीआधी ‘सीक’ने ते शून्यावर आणता येते; मात्र गावांची फाइल एकदाच वाचून सांकेतांकानुसार डिक्शनरीत ठेवणे केव्हाही चांगले. जुळणी नावावरून करू नये : महागाव हे गाव कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातही आहे.

नावांची टक्कर. पायथनमध्ये लूपमुळे नवी व्याप्ती तयार होत नाही. दोन्ही लूपना ‘ओळ’ हेच नाव दिल्यास आतला लूप संपल्यावर त्यात तालुका उरत नाही, शेवटचे गाव असते. पर्लमध्ये हा धोका अधिक खोल आहे. तेथे ‘व्हाइल’ने वाचलेली ओळ, वेगळे नाव न दिल्यास, डॉलर-अंडरस्कोर या सार्वत्रिक चलात जाते आणि बाहेरची किंमत जपली जात नाही. बाहेर त्याच चलावर ‘फॉरईच’ चालू असेल, तर ते चल मूळ ॲरेतील घटकाचेच दुसरे नाव असते. त्यामुळे आतले वाचन संपताच तो घटकही रिकामा होतो. ‘माय’ने स्थानिक चल घोषित करणे हा उपाय.

शेल. बॅशमध्ये पाइपच्या उजवीकडील ‘व्हाइल रीड’ सामान्यतः उपशेलमध्ये चालते. आत मोजलेली गावे बाहेर येताच हरवतात. पाइपऐवजी फाइल थेट लूपला जोडावी. आवृत्ती ४.२ पासून ‘लास्टपाइप’ हा पर्यायही आहे. आतील आज्ञा त्याच इनपुटमधून वाचत असेल, तर ती बाहेरच्या लूपच्या ओळी गिळते. अशा वेळी दोन फाइलींना वेगळे डिस्क्रिप्टर द्यावेत.

इतर भाषा. सी भाषेत आतल्या ब्लॉकमधील त्याच नावाचे चल बाहेरच्या चलाला झाकते. जावा अशी स्थानिक पुनर्घोषणा कंपाइल करतानाच नाकारते. गो भाषेत आवृत्ती १.२२ (२०२४) पासून ‘फॉर’मध्ये घोषित केलेले चल दर फेरीला नवे असते.

ऑक. या भाषेत फंक्शनच्या पॅरामीटरखेरीज सर्व चले सार्वत्रिक असतात, म्हणून येथेही नावांची टक्कर टाळावी लागते.