किनारी मासेमारीतील दुरुस्तीचा प्रश्न : केरळमधील आऊटबोर्ड मोटारीचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील सागरी मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास सामान्यतः योजना, अनुदाने, नौकांची संख्या आणि मत्स्योत्पादन यांच्या आधारे लिहिला जातो. यंत्र विकत घेतल्यानंतर ते चालू कसे राहिले आणि बंद पडल्यावर कोणी दुरुस्त केले, हे प्रश्न या मांडणीत मागे पडतात. आऊटबोर्ड मोटार म्हणजे होडीच्या मागील बाजूस बाहेरून अडकविलेले व काढून नेता येणारे यंत्र. केरळमधील लहान मच्छीमारांनी स्वीकारलेल्या या मोटारीच्या इतिहासाचा दुरुस्तीच्या अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किनाऱ्याची रचना आणि यंत्राची निवड

नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आऊटबोर्ड मोटार व्यापारी तत्त्वावर बाजारात आणली. पुढे नॉर्वेच्याच साहाय्याने केरळच्या मासेमारीत यंत्रयुग सुरू झाले. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन कोल्लमजवळील नींडकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. पारंपरिक होड्यांना यंत्र बसविण्याचा आरंभीचा विचार मागे पडला आणि आत डिझेल इंजिन असलेल्या नव्या नौका बांधण्यात आल्या. १९६० च्या दशकात कोळंबीच्या निर्यातीस चालना मिळाल्यावर हा मार्ग ट्रॉलरकडे वळला.

दक्षिण केरळचा किनारा बराचसा उघडा आहे. तेथे होडी फुटत्या लाटांतून लोटावी लागते व परतल्यावर वाळूवर ओढून घ्यावी लागते. तळाशी कायमचा पंखा असलेली नौका अशा ठिकाणी गैरसोयीची ठरते. महाराष्ट्रात अनेक खाड्यांनी नौकांना आसरा दिल्यामुळे आत बसविलेले डिझेल इंजिन तुलनेने सहज रुजले. केरळच्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र वर उचलता येणारी व खांद्यावरून घरी नेता येणारी आऊटबोर्ड मोटारच सोयीची होती. ट्रॉलरच्या स्पर्धेमुळे अधिक दूर जाणे भाग पडले, तेव्हा १९८० च्या दशकात जपानी बनावटीच्या मोटारींचा झपाट्याने प्रसार झाला.

बिघाडाचे स्वरूप

ज्या गुणांमुळे ही मोटार उपयुक्त ठरली, त्यांतच तिच्या बिघाडाची कारणे होती. किनाऱ्यालगतचे वाळूमिश्रित पाणी शीतकरणासाठी आत ओढले जाई. त्यामुळे पंपातील रबरी चक्र झिजे व यंत्र तापे. समुद्राच्या पाण्यातील क्षार पाण्याच्या मार्गात साचत. पंखा वाळूवर आपटला किंवा जाळ्यात अडकला की दांड्यातील पिन तुटे. तो तुटावा अशीच तिची योजना असते, कारण त्यामुळे आतील दाते वाचतात. परंतु जवळ दुसरी पिन नसेल तर होडी वल्ह्यांवर येई.

इंधनाचा प्रश्न याहून बिकट होता. पेट्रोल महाग असल्याने मोटार पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतर रॉकेलवर चालविण्याची पद्धत रूढ झाली. रॉकेलाच्या अपुऱ्या ज्वलनाने प्लग, पिस्टनच्या कड्या व धुराचा मार्ग यांवर काजळी साचते. लाटेत होडी उलटून मोटार बुडाली, तर ती ताबडतोब उघडून गोड्या पाण्याने धुणे व तेल देणे आवश्यक असते. विलंब झाल्यास आतील भाग गंजतात. मोटार बंद राहिलेल्या प्रत्येक दिवशी उत्पन्न थांबे, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नसे. मासळीचा लिलाव करणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली असल्यास त्याच्यावरील अवलंबित्व वाढे. अशा रीतीने एका सुट्या भागाच्या अभावातून मासळीच्या भावावरील मच्छीमाराचा हक्क क्षीण होण्याची शक्यता निर्माण होत असे.

दुरुस्तीची संस्थात्मक व्यवस्था

या पार्श्वभूमीवर सहकारी संघटनांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज या संघाने मासळीची विक्री, पतपुरवठा व बचत यांच्या जोडीला मोटारींचे वितरण, सुटे भाग आणि दुरुस्ती यांकडेही लक्ष दिले. कर्ज, विक्री व दुरुस्ती एकाच व्यवस्थेत आल्याने यंत्र चालू ठेवणे हे संस्थेचेही हित ठरले. मात्र या व्यवस्थेने मूळ परावलंबन संपले नाही. वाढत्या अश्वशक्तीची चढाओढ सुरू राहिली, मोठ्या होड्यांवर एकाहून अधिक मोटारी आल्या आणि सवलतीच्या रॉकेलाचा पुरवठा कालांतराने घटत गेला.

समारोप

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात मच्छीमारांनी होड्या ट्रकवर लादून चेंगन्नूरसारख्या भागांत नेल्या व हजारो लोकांचे प्राण वाचविले. पाण्याखालील भिंती व कुंपणांवर आदळून काही होड्यांचे नुकसान झाले; त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी राज्य शासनाने स्वीकारल्याचे जाहीर केले. एरवी मच्छीमाराने स्वतःच्या खिशातून सोसलेला हा खर्च त्या वेळी सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. यांत्रिकीकरणाचे यश केवळ वितरित यंत्रांच्या संख्येने मोजणे अपुरे आहे. बंद पडलेले यंत्र किती अंतरावर, किती दिवसांत व कोणाच्या कर्जावर दुरुस्त होते, हा निकष तितकाच निर्णायक आहे. किनारी समाजाच्या इतिहासलेखनात कारागिराच्या हत्यारपेटीलाही साधनाचे स्थान मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते.