राजापूरचा मतदार कृतघ्न होता काय?

१/ जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. या मार्गाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे प्रा. मधु दंडवते तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री होते. पुढच्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत त्यांच्याच राजापूर मतदारसंघाने त्यांना पराभूत केले. साक्षरतेचा अभिमान बाळगणाऱ्या या प्रदेशाने असे का केले असावे?

२/ आजचा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा दक्षिण भाग मिळून हा मतदारसंघ होत असे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत येथून वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, लाट ओसरली. तरीही १९६२ आणि १९६७ मध्ये नाथ पै टिकले. म्हणजे हे मत केवळ लाटेचे नव्हते.

३/ जानेवारी १९७१ मध्ये नाथ पैंचे निधन झाले. त्यांच्या जागी आले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक दंडवते. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९८४ मध्ये राज्यातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या, राजापूर मात्र गेले नाही.

४/ या काळात पक्षाचे नाव बदलत राहिले: प्रजासमाजवादी, जनता पक्ष, जनता दल. मतदार जागचा हलला नाही. त्याची निष्ठा पक्षचिन्हाशी कमी होती. सभागृहात आपले म्हणणे अभ्यासाने मांडणारा माणूस त्याला हवा होता. शाळामास्तर, वाचनालये आणि राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते यांनी ही अपेक्षा गावोगावी जोपासली होती.

५/ या व्यवस्थेचा दुसरा खांब होता मुंबई. मालवण, देवगड, कणकवलीतील घरे चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चालत; त्याच्या पत्रांतून आणि गणपतीच्या सुट्टीतल्या गप्पांतून राजकारणही गावी येई. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार संघटनांचे बळ खचले. १९८५ मध्ये मुंबई महापालिका जिंकलेली शिवसेना त्याच वाटेने कोकणात उतरली. १९९० मध्ये मालवणातून नारायण राणे विधानसभेवर गेले, ते शिवसेनेकडूनच.

६/ आणखी दोन बदल त्याच सुमारास घडले. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि १९८९ पासून नवी पिढी मतदार यादीत दाखल झाली. संयुक्त महाराष्ट्राचा लढा तिने वडिलांच्या तोंडून ऐकलेला होता. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. दंडवते त्या सरकारात होते; शिवसेनेचा मंडलला विरोध होता. काँग्रेसविरोधी मत आता एका छत्राखाली राहिले नाही. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले.

७/ सुखवस्तू सुशिक्षितांचे मत याहून चंचल असते, हे दक्षिण मुंबईत दिसते. १९६७ मध्ये तेथे काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील (मूळचे सिंधुदुर्गातलेच) जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरले. पुढे १९९६ मध्ये भाजप, १९९८ मध्ये काँग्रेस, १९९९ मध्ये पुन्हा भाजप, २००४ मध्ये पुन्हा काँग्रेस. ज्याचे रेशन, नोकरी वा रस्ता आमदार-खासदारावर अवलंबून नसतो, त्याला बाजू बदलण्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही.

८/ राजापुरात तसे नव्हते. १९९६ मध्ये येथे शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले आणि सलग चार वेळा जिंकले. पेशाने सनदी लेखापाल, बोलणे मुद्देसूद. पक्ष आणि विचार पालटले, पण उमेदवाराचा साचा बराचसा तोच राहिला! तो साचा मोडला २००९ मध्ये, पुनर्रचित रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात काँग्रेसचे नीलेश राणे यांनी प्रभूंना हरवले तेव्हा. २०१४ मध्ये कौल पुन्हा फिरला आणि शिवसेनेचे विनायक राऊत आले. २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे.

९/ येथे एक सावधगिरी हवी. मतयंत्र पदवी, जात किंवा मिळकत नोंदवत नाही. मतदारसंघाचा निकाल पालटला म्हणजे तेथील सुशिक्षितांनीच तो पालटला, असे सिद्ध होत नाही. कित्येकदा जुना मतदार जागीच असतो; भोवतीची यादी बदलते, किंवा विरोधी मते निराळ्या रीतीने विभागली जातात.

१०/ मग १९९१ चा मतदार कृतघ्न होता काय? मत ही झालेल्या कामाची पावती असते, असे मानले तर होय. परंतु मतदार बहुधा पुढच्या पाच वर्षांचा विचार करतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ मध्ये. १९९१ साली रूळ कागदावर होते आणि मुंबईतला रोजगार डोळ्यांदेखत आटत होता. शिक्षणाने मतदार स्थिर होतो, असा अनुभव नाही. निष्ठा बदलताना कारण शोधण्याची सवय मात्र त्याला शिक्षणाने लागते. ते कारण ऐकून घेण्याआधीच त्याला कृतघ्न ठरवणे, हा इतिहास नव्हे.