पाऊण डॉलरची तफावत: क्लिफर्ड स्टॉल आणि संगणकाची राखण

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात महिन्याचा हिशोब लागत नव्हता. त्या काळी संगणक ही सामायिक आणि महागडी वस्तू होती. वापराच्या प्रत्येक तासासाठी सुमारे ३०० डॉलर आकारले जात आणि ते त्या त्या विभागाच्या नावे मांडले जात. हिशोब ठेवणाऱ्या प्रणाली दोन होत्या: एक यूनिक्सची स्वतःची, दुसरी प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनी पूर्वी कधीतरी लिहिलेली. दोहोंच्या बेरजांत ७५ सेंटांचा फरक येत होता. पाऊण डॉलर! नव्याने आलेल्या माणसाचा हात बसावा म्हणून हे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले.

या पाऊण डॉलरचा माग पुढे पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत आणि तेथून सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीपर्यंत गेला. ही हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. या धाग्यात मला तिच्यातील हेरगिरीपेक्षा त्या माणसाच्या मतांविषयी लिहायचे आहे. संगणकाची राखण म्हणजे नेमके काय, कुलपे किती लावावीत आणि घरात चोर शिरल्याचे कचेरीत कबूल कोण करते, या प्रश्नांवर एका साध्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरने काय विचार केला, हा आपला विषय.

क्लिफर्ड स्टॉल मूळचे खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामासाठी असलेला निधी संपला, तेव्हा नोकरी जाण्याऐवजी त्यांची बदली तळघरातील संगणक विभागात झाली. या बदलीत त्या काळच्या वैज्ञानिक संस्थांची उतरंड स्पष्ट दिसते. वर शास्त्रज्ञ, खाली यंत्रे सांभाळणारे. नळाला पाणी येत असेपर्यंत नळ दुरुस्त करणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही, तसेच हे काम. म्हणूनच या पेशाचा इतिहास लिहिणे अवघड जाते. राज्यकर्त्यांची पत्रे जपली जातात, पहारेकऱ्यांच्या नोंदी जपल्या जात नाहीत. स्टॉल यांचे वेगळेपण असे, की त्यांनी वेधशाळेतली सवय तळघरातही सोडली नाही. जे पाहिले ते वेळेसह वहीत लिहायचे. ती नोंदवही हेच या प्रकरणाचे अस्सल साधन आहे.

तफावतीचे कारण लवकरच सापडले. कुणीतरी काही सेकंद संगणक वापरला होता आणि त्या वापराचे पैसे भरणारे खातेच नव्हते. थोड्याच दिवसांत मेरीलँडमधील एका संगणकावरून निरोप आला, की तुमच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी आमच्याकडे शिरण्याचा प्रयत्न केला. संशयाची सुई एका जुन्या वापरकर्त्याच्या खात्याकडे वळली. पण तो गृहस्थ तर तेव्हा इंग्लंडमध्ये होता.

पुढचे पाऊल मला फार आवडते. येणाऱ्या सुमारे ५० टेलिफोन जोडण्यांपैकी चोर कोणत्या जोडणीवरून येतो हे कळायला मार्ग नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सहकारी घरी गेल्यावर स्टॉल यांनी त्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केले, प्रत्येक जोडणीला एकेक लावला आणि तिथेच जमिनीवर झोपले. सकाळी एका प्रिंटरमधून कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर आली होती. चोराने दाबलेली प्रत्येक कळ तिच्यावर उमटली होती.

त्या पट्टीवरून चोरीची रीत कळली. जीएनयू ईमॅक्स या संपादन-प्रणालीत टपाल एका जागेहून दुसरीकडे हलवणारा एक छोटा प्रोग्रॅम असे. बर्कलीत तो अशा रीतीने बसवला होता, की कोणतीही फाइल कुठेही नेऊन ठेवण्याची मुभा त्याला होती. यूनिक्स दर पाच मिनिटांनी आपणहून एक ठराविक प्रोग्रॅम चालवते. चोराने त्याच्या जागी स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला आणि पाच मिनिटे वाट पाहिली. संगणकाने ते परके अंडे आपले समजून उबवले आणि चोर सर्वाधिकारी झाला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. स्टॉल यांच्या १९८९ च्या पुस्तकाचे नावही याच प्रतिमेवरून आले: ‘द कुकूज एग’.

येथे एक योगायोग नोंदवलाच पाहिजे. ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन हे पासवर्डचे कट्टर विरोधक. सत्तरच्या दशकात एमआयटीतील त्यांच्या प्रयोगशाळेत पासवर्ड सक्तीचे झाले, तेव्हा त्यांनी ते उलगडून वापरकर्त्यांना कळवले, की पासवर्डची जागा कोरीच ठेवा. त्यांच्या लेखी संगणकाला कुलूप लावणे म्हणजे व्यवस्थापकांनी वापरकर्त्यांवर सत्ता गाजवणे. ही भूमिका हास्यास्पद नव्हती. त्या पिढीतील पुष्कळ उत्तम प्रोग्रॅमर असाच विचार करीत. बर्कलीची प्रयोगशाळाही याच मोकळ्या वातावरणातली. तेथे गोपनीय लष्करी काम होत नसे. स्वतः स्टॉल वळणाने डावे, लष्कराविषयी आणि हेरखात्यांविषयी संशय बाळगणारे. कुलपांचे प्रेम असलेला माणूस हा शोध घेत नव्हता, हे ध्यानात ठेवले तरच पुढचे कळते.

चोर सापडल्यावर दार बंद करणे सोपे होते. स्टॉल यांनी ते उघडे ठेवले. वरिष्ठांकडून तीन आठवड्यांची मुदत मिळवली आणि चोराला कळू न देता प्रत्येक हालचाल कागदावर उतरवणे सुरू केले. तीन आठवड्यांचे महिने झाले. चोर आला की कमरेचा पेजर वाजे. एकदा तो नको ती फाइल उतरवून घेऊ लागला, तेव्हा स्टॉल यांनी खिशातील किल्ल्यांचा जुडगा तारेच्या टोकांवर घासला. पलीकडच्या माणसाला वाटले, लाइन खराब आहे.

हातात केवळ आज्ञांची पट्टी असताना त्यांनी काढलेले निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर अभ्यासावेत. चोर वापरत असलेल्या काही आज्ञा बर्कलीच्या यूनिक्सच्या वळणाच्या नव्हत्या, एटी अँड टीच्या यूनिक्सच्या होत्या. म्हणजे हा माणूस या परिसरात शिकलेला नव्हे. मोडी कागदाच्या वळणावरून जाणकार लेखनिकाचा काळ ओळखतात, तसाच हा प्रकार. शिवाय तो बहुधा कॅलिफोर्नियातील दुपारच्या सुमारास येई. ती जर्मनीतील रात्रीची वेळ, फोनचे दर उतरण्याची.

आता यंत्रणांकडे वळू. एफबीआयने विचारले, नुकसान किती? उत्तर होते पाऊण डॉलर. संभाषण तेथेच संपले. सीआयए, राष्ट्रीय सुरक्षा संस्था, हवाई दलाचे अन्वेषण खाते, सर्वांना माहिती हवी होती. जबाबदारी कुणालाच नको होती. फोनचा माग काढण्यासाठी कॅलिफोर्नियात मिळवलेला न्यायालयीन आदेश व्हर्जिनियात चालेना. अखेर जी वाट सापडली ती मॅक्लीन येथील मायटर या संरक्षण-कंत्राटदार संस्थेतून जात होती. चोर परदेशातून तेथे शिरे आणि तेथील मोडेमवरून अमेरिकाभर फोन लावी. त्या दूरध्वनीची बिले ती संस्था निमूटपणे भरत होती! बर्कलीत पाऊण डॉलर खटकला आणि तेथे फोनची बिले कुणाला खटकली नाहीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा या विरोधात आहे. तंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो बिलाकडे पाहणाऱ्या माणसात, आणि त्याला पाहायला वेळ देणाऱ्या कचेरीत.

चोराचे यशही तितकेच साधे होते. त्याने ४०० हून अधिक संगणकांवर प्रयत्न केला आणि ३० हून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला. असामान्य बुद्धिमत्ता त्यात फारशी नव्हती. चिकाटी होती. व्हॅक्स संगणक कारखान्यातून निघताना दुरुस्तीसाठी ‘फील्ड’ नावाचे खाते आणि ‘सर्व्हिस’ हा पासवर्ड घेऊन निघत, आणि कित्येक ठिकाणी ते कुणी बदललेच नव्हते. लोक आपले पासवर्ड एकमेकांना पत्रांतून कळवत आणि ती पत्रे संगणकावर तशीच पडून राहत. स्टॉल फोन करून एकेका ठिकाणच्या व्यवस्थापकाला सावध करीत. अनेकांचा पहिला प्रतिसाद अविश्वासाचा असे. मला तो समजू शकतो: ज्याच्या कामाची दखल केवळ बिघाड झाल्यावर घेतली जाते, तो बिघाड कबूल करायला धजणार कसा?

दूरसंचार खात्यांच्या मदतीने माग ब्रेमेनमार्गे हॅनोव्हरला पोहोचला. तेथील टेलिफोन केंद्रातली यंत्रणा जुनी. माग हाताने काढावा लागे आणि तोवर चोर निघून जाई. त्याला दीर्घकाळ अडकवायला हवे होते. १९८७ च्या आरंभी स्टॉल आणि त्यांच्या जोडीदारीणबाईंनी एक नसलेला लष्करी प्रकल्प निर्माण केला: नसलेली सचिव, तिची कंटाळवाणी सरकारी पत्रे, निविदा, परिपत्रके. चोर ‘न्यूक्लिअर’, ‘एसडीआय’ असे शब्द शोधत असे, म्हणून ते जागोजागी पेरले. तो वाचत बसला आणि माग पुरा झाला. काही महिन्यांनी त्या नसलेल्या सचिवबाईंच्या नावे पिट्सबर्गहून खरेखुरे पत्र आले. संगणकावरचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जात होता, याचा तो पुरावा होता.

मार्कुस हेस आणि त्याच्या साथीदारांना १९९० मध्ये केजीबीला माहिती विकल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. शिक्षा झाल्या, पण स्थगित.

या वर्षभरात स्टॉल यांचे मत बदलले. बर्कलीतील मित्रमंडळींच्या दृष्टीने हॅकर म्हणजे प्रस्थापितांची खोडी काढणारा गमत्या. स्टॉल या निष्कर्षाला आले, की जाळे तारांनी बांधलेले नसते, ते अनोळखी माणसांनी परस्परांवर टाकलेल्या विश्वासाने बांधलेले असते, आणि चोर नेतो ते हेच. एक चोरी झाली की दहा दारांना कुलपे लागतात, आणि त्या कुलपांचा त्रास चोरापेक्षा शेजाऱ्यांना अधिक होतो. स्टॉलमन यांच्यासारखेच तेही मोकळेपणाच्या बाजूचे. पण मोकळेपणा राखायचा तर कुणीतरी जागे राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. हेरखात्यांशी बोलावे लागल्याची खंतही ते लपवत नाहीत. मला ही द्विधा अवस्था त्यांच्या लेखनातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी या विश्वासाची कसोटी लागली. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने हजारो संगणक जायबंदी केले. मुलाचे वडील, थोरले रॉबर्ट मॉरिस, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक-सुरक्षेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. हॅनोव्हर प्रकरणात स्टॉल त्यांना भेटलेही होते. या आघातानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे समन्वय केंद्र स्थापन झाले. चोर आला तर फोन कुणाला करायचा, या १९८६ च्या प्रश्नाला दोन वर्षांनी उत्तर मिळाले.

आता थोडे मजेचे. याच स्टॉल यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यूजवीकमध्ये इंटरनेटची खिल्ली उडवली: वृत्तपत्राची जागा संगणक घेणार नाही, जाळ्यावर व्यापार जमणार नाही. तो लेख आज हसण्यासाठी फिरवला जातो. मात्र त्यातील एक तक्रार आपण विसरू नये. ट्रॅफल्गारच्या लढाईचे साल शोधताना त्यांना शेकडो फायली मिळाल्या आणि त्यांतून साल काही हाती लागेना. फॉरवर्डवरच्या इतिहासाशी झुंजणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मला दिसते ते असे, की १९८६ चे स्टॉल नोंदवहीतून बोलत होते आणि १९९५ चे वैतागातून. तळघरात त्यांनी प्रत्येक निष्कर्षाला कागदाचा आधार शोधला; भविष्याविषयी बोलताना तसा कागद नसतो.

२०१० मध्ये तो लेख पुन्हा वर आला, तेव्हा त्यांनी आपण चुकल्याचे सरळ मान्य केले. ते क्लाइन बाटल्या विकतात, म्हणजे आत आणि बाहेर असा भेदच नसलेली काचेची गणिती भांडी. कॅलिफोर्नियातील घराच्या जमिनीखालच्या अरुंद पोकळीत या बाटल्यांचे खोके रचलेले असतात, एक छोटा यंत्रमानव ते काढून देतो आणि मागणी येते ती इंटरनेटवरून.