शिळाप्रेस, कातिब आणि मराठी मुसलमानांचं हरवलेलं कपाट

ग्रंथप्रकाशन आणि पुस्तकांचा बाजार हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे, असं सांगितलं की आपल्याकडे लोक हसतात. पुस्तक छापायचं, विकायचं, त्यात शिकायचं काय? मी हा विषय शिकलो तेव्हा घरच्यांनीही हेच विचारलं होतं. पण मुसलमानांच्या इतिहासाबद्दलचे माझे काही समज धर्माच्या तासाला नाही, या तासाला बदलले. म्हणून हा लेख.

या अभ्यासाचा पाया मानलं जाणारं फेव्हर आणि मार्टिन यांचं फ्रेंच पुस्तक 1958 सालचं. त्याच वर्षी आपल्या अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध झाला. गोव्यात 1556 मध्ये आलेल्या छापखान्यापासून ते सुरुवात करतात. पुढे रॉबर्ट डार्नटन, लखनौच्या नवलकिशोर प्रेसवर लिहिणाऱ्या उलरिके श्टार्क, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले अभ्यासक, अशी मोठी रांग आहे. पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते कुणी छापलं, किती प्रती काढल्या, किंमत किती ठेवली, कुठे विकलं, हे ही मंडळी विचारतात.

हा प्रश्न घेऊन एका घिसापिट्या वाक्याकडे जाऊ. ‘उलेमांनी छापखान्याला विरोध केला, म्हणून मुसलमान मागे राहिले.’ हे वाक्य भाषणांत येतं, अग्रलेखांत येतं, आपल्यातले सुधारकही ते सहज वापरतात. उस्मानी सुलतान दुसऱ्या बायझीदने 1485 मध्ये छपाईवर बंदी घातली, हा त्याचा नेहमीचा पुरावा. अडचण अशी की तो हुकूमनामा कुणालाच सापडलेला नाही. शिवाय इस्तंबूलमध्ये यहुद्यांचा छापखाना 1493 मध्ये, आर्मेनियन लोकांचा 1567 मध्ये चालू होता. शहरात यंत्र होतं. अरबी लिपीत छापणं मात्र खूप उशिरा आलं.

का, याचं उत्तर बाजारात शोधा. व्हेनिसच्या पागानिनी बाप-लेकांनी 1537-38 च्या सुमारास अरबी कुरआन छापला, बहुधा तुर्कांना विकण्यासाठीच. अक्षरं चुकलेली, नुक्ते चुकलेले. धंदा बसला. त्याची एकमेव ज्ञात प्रत 1987 मध्ये व्हेनिसच्याच एका मठात सापडल्याचं जाहीर झालं. आता सांगा, चुका भरलेला कुरआन न घेणाऱ्याला धर्मांध म्हणायचं की जाणता गिऱ्हाईक?

इब्राहिम मुतेफर्रिकाला 1727 मध्ये इस्तंबूलमध्ये परवानगी मिळाली. धार्मिक ग्रंथ सोडून बाकी छापायचं, अशी अट होती. 1729 मध्ये पहिलं पुस्तक निघालं, एक शब्दकोश. त्याच्या हयातीत सतरा ग्रंथ झाले, त्यातले बरेच पाचशे-पाचशे प्रतींचे. शिक्षामोर्तबासह उभा राहिलेला छापखाना, आणि तरी वेग एवढाच. कारण समोर हाताने नकला करणाऱ्या कातिबांचा जुना, विश्वासू बाजार होता. हा बाजार लहान समजू नका. बगदादचा इब्न अल-नदीम हा पुस्तकविक्रेता होता, आणि 987 च्या सुमारास त्याने अरबीतल्या पुस्तकांची यादी म्हणून ‘अल-फिहरिस्त’ लिहिला. इतिहासातल्या थोर ग्रंथसूच्यांपैकी एक दुकानदाराने केली आहे, हे मला फार आवडतं.

दुसरी अडचण लिपीची. अरबी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं. नस्तालीक तर उतरत्या रेषेत वळत जाते. एवढे खिळे पाडायचे कुणी आणि जुळवायचे कुणी? मराठी वाचकाला हे मोडीवरून पटकन कळेल. विल्यम केरीने 1810 चा मराठी कोश मोडीच्या खिळ्यांनी छापला खरा, पण छापील मराठीत अखेर बाळबोधच जिंकली. त्यात मोडीला कुठल्या मौलवीने अडवलं होतं?

कोडं सुटलं ते शिळाप्रेसमुळे. जर्मनीत सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती काढली आणि 1820 च्या दशकात ती हिंदुस्थानात आली. कातिबाने खास शाईने कागदावर लिहायचं, ते दगडावर उमटवायचं, दगडावरून छापायचं. खिळे नकोत, जुळारी नको, भांडवल कमी. कातिबाची रोजी तर बुडाली नाहीच, त्याचा एक हात शेकडो घरांत पोचला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं तेही आधी दगडावरच. भेंडीबाजारच्या पुस्तकवाल्यांचं आणि गणपत कृष्णाजींचं यंत्र एकच होतं!

मग उशीर भरून निघाला. 1840 च्या दशकात मुंबईत सचित्र शाहनामा शिळाप्रेसवर निघाला. मुंबईत छापलेल्या फारसी किताबा इराणला जात, मलय भाषेतल्या सिंगापूरकडे. लखनौला 1858 मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी प्रेस काढला. हा भार्गव कुटुंबातला हिंदू माणूस कुरआन, तफसीर, फतावा-ए-आलमगिरी छापत होता आणि त्याच छपरात संस्कृत-हिंदी ग्रंथही. मुसलमान बिनदिक्कत विकत घेत होते. उलेमांच्या विरोधाची गोष्ट सांगणाऱ्यांनी या गिऱ्हाइकाला कुठे बसवायचं ते ठरवावं.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? मोठा भाग एका सरकारी कायद्यामुळे. 1857 च्या धक्क्यानंतर इंग्रजांना कोण काय छापतंय यावर नजर हवी होती. 1867 च्या 25 व्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली : नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पानं, प्रतींची संख्या, किंमत, आणि खिळ्यांवर छापलं की दगडावर. दर तिमाहीला ती यादी सरकारी गॅझेटात येई. पाळतीसाठी केलेली वही अभ्यासकांची खाण ठरली.

पण या वहीचा एक दोष आहे. ती भाषेनुसार कप्पे करते. अरबी, फारसी, उर्दूचा कप्पा पाहिला की वाटतं, हे मुसलमानांचं; मराठीचा पाहिला की वाटतं, इथे मुसलमान नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठी कप्प्यात ‘संतवाङ्मय’ म्हणून बसतो आणि त्यांचं मुसलमान असणं तळटीपेत जातं. मराठी मुसलमान दोन्ही कप्प्यांच्या मधल्या फटीत पडतो. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावं लागलं, त्यामागे ही फटसुद्धा होती असं मला वाटतं.

आणि आजचं काय? आपल्याकडे मराठीत पुष्कळ छापलं जातं. नमाजची खिशातली पुस्तिका, ज्यात अरबी दुआ नागरीत लिहिलेल्या असतात आणि अलिफ-ऐनचा फरक वाहून जातो. इज्तेमाच्या स्टॉलवरची सीरतची पुस्तकं. गावातल्या शायराने स्वखर्चाने काढलेला संग्रह. ही पुस्तकं मशिदीबाहेर, जलशात, लग्नात भेट म्हणून फिरतात. दुकानात नाहीत, वाचनालयात नाहीत. अनेकांवर साल नसतं, किंमतीच्या जागी ‘दुआ’ लिहिलेलं असतं. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर प्रती हजारो खपतात आणि पुस्तक झालंच नाही अशी अवस्था.

1867 चा कायदाही आता गेला. 2023 चा नवा कायदा मार्च 2024 पासून लागू झाला, तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकं त्यातून वगळली. म्हणजे पाळतीची का होईना, ती वही बंद. उरला 1954 चा ग्रंथ-प्रदान कायदा. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईला टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. नाही पाठवल्या तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. हा दंड कुणी भरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आपल्या जमातीने, मदरशाने, शायराने मराठीत काही छापलं तर शीर्षकाच्या मागच्या पानावर साल, छापखाना आणि प्रतींची संख्या टाकावी, आणि एक पाकीट टाउन हॉलला रवाना करावं. टपालखर्च फारसा येत नाही.