आजोबांच्या बंडीचा खिसा

राजेरजवाडे मागे बुरूज ठेवून जातात. मजूर काय ठेवून जातो? चांद्याच्या गोंड राजांचा परकोट आजही उभा आहे. परंतु बल्लारपूरच्या किंवा सास्तीच्या कोळसाखाणीत ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याच्याविषयी धर्मग्रामाच्या नोंदवहीत बहुधा एकच शब्द सापडतो : 'मजूर'. उरलेला इतिहास त्याच्या बंडीच्या खिशात असतो, आणि अंत्यविधीनंतर घरची मंडळी ट्रंक आवरू लागली की तो भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. म्हणून त्या खिशाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

आरंभ पितळी बिल्ल्यापासून करू. त्यावर आकडा असतो, नाव नसते. नातवंडांना हे अपमानास्पद वाटते आणि त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. तरीही त्या आकड्याचे काम समजून घेतले पाहिजे. खाली उतरणारा कामगार बत्तीघरात बिल्ला देई व दिवा घेई. पाळी संपल्यावर दिवा परत देऊन बिल्ला घेई. ज्या आकड्याचा बिल्ला खुंटीवर तसाच राही, त्याचा धनी अजून जमिनीखाली आहे हे निरक्षरालाही कळे. अपघात झालाच तर आत कोण अडकले हे मोजण्याचे साधन तेच. पुढे 1948 च्या कायद्याने कोळसा कामगारांना भविष्यनिर्वाह निधी व बोनस मिळू लागला. मात्र बोनस तिमाहीतील हजेरीवर अवलंबून ठेवण्यात आला. अंगात ताप असतानाही आजोबा पाळीला का जात, याचे निदान अर्धे उत्तर इथे मिळते.

दुसरी वस्तू चुना-तंबाखूची डबी. तिच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. चांदा-गडचिरोली हा टेंभुर्णीचा मुलूख. ऐन उन्हाळ्यात रानात जाऊन पाने तोडायची, 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि फळीवर मोजून द्यायचा, हा इथल्या शेकडो गावांचा वर्षानुवर्षांचा रोजगार. या पानांच्या विड्या दूरदूरचे लोक ओढतात. त्याच मुलखातील खाणकामगाराला मात्र खाली विडी नेण्याची बंदी होती. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण वाढले की एक ठिणगी पुरते. 19 फेब्रुवारी 1958 रोजी बंगालमधील चिनाकुरी खाणीत अशा वायूच्या स्फोटाने सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. ती ठिणगी विडीची होती असे मी म्हणत नाही. परंतु काडीपेटीसाठी झडती का घेतली जाई हे अशा घटनेवरून ध्यानात येते. काडीपेटी वर राहिली, डबी खाली गेली. आठ तासांच्या काळोखात तलफ भागविणारी तीच एक सोबतीण; आणि तिनेच पुढे कित्येकांचे तोंड पोखरले. आज गडचिरोलीत खर्रा व दारू यांविरुद्ध 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियान चालू आहे, तेव्हा ही डबी आजोबांची आठवण म्हणून अवश्य ठेवावी, पण तिचे कौतुक बेतानेच करावे.

तिसरी वस्तू नाणी. त्यांत मधोमध भोक असलेला तांबडा पैसा हमखास असतो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली म्हणून 1943 पासून सरकारने ही नाणी पाडली. असे चार पैसे म्हणजे एक आणा, चौसष्ट म्हणजे रुपया. बल्लारपूरच्या जुन्या घरांत एखादे नाणे चारमिनारच्या चित्राचेही निघू शकते. वर्धा नदी ओलांडली की राजुरा तालुका, आणि तिथे 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते. तेथील 'हाली' रुपया वेगळा : सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. नदीच्या दोन्ही तीरांवर ज्याची ये-जा होती, त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या माणसाला हा हिशेब तोंडी करावा लागे! राजुरा चांदा जिल्ह्यात आला तो 1959 साली. त्याआधीच 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे सुरू झाले होते. चार आणे एकदम मोडले तर 25 नवे पैसे मिळत. एकेक आणा सुटा मोडला तर प्रत्येकी सहाच, म्हणजे 24. एका पैशाचा हा फरक हातावर पोट असणाऱ्यालाच अधिक जाणवला असणार.

बाकी चष्म्याचे घर, ट्रंकेची किल्ली, झिजलेली जपमाळ. झडतीच्या नियमांत जपमाळेवर बंदी नव्हती.

आपल्या घरी असा बिल्ला असेल तर एक करावे. आकड्यावरून आज कोणीही माणूस ओळखू शकणार नाही. खाण कोणती, पाळी कोणती, कोणत्या साली आजोबा कामाला लागले, हे चिठ्ठीवर लिहून ती बिल्ल्यासोबत ठेवावी. काही घरांत हे सांगू शकणाऱ्या आजी अजून आहेत. त्यांना याच आठवड्यात विचारावे.