डब्यातील भाकरी आणि डब्याबाहेरचे वेष्टण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. वसईकरांना तर १५३४ चा तह आणि १७३९ चा संग्राम मुखोद्गतच असतो. परंतु ज्या पिढ्यांनी बागा शिंपल्या, भाजी पिकवली आणि त्या कमाईवर मुले शिकवली, त्यांचा इतिहास बहुधा स्वयंपाकघराच्या फडताळातच पडून राहतो. शाळकरी मुलाचा डबा ही अशीच एक दुर्लक्षित वस्तू होय. तिचा मागोवा घेतला तर शाळेच्या मैदानावर आज उडणाऱ्या प्लास्टिकच्या वेष्टणांचा उगमही सापडतो, असे आम्हांस वाटते.

मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला आणि डबा ही शहराची एक ओळख झाली. गावात मात्र शाळा हाकेच्या अंतरावर असे. मधल्या सुटीत मूल घरी येई, जेवी आणि पुन्हा धावत जाई. ज्यांचे घर लांब, त्यांच्याच पिशवीत डबा असे. तांदळाची भाकरी केळीच्या पानात गुंडाळलेली, सोबत सुकटीची चटणी आणि वर जुन्या लुगड्याचे फडके. आमच्या परिसरात केळीच्या पानाला तोटा नव्हता. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळीदेखील केळीच्याच सुक्या पानात बांधली जात. खाऊन झाल्यावर पान गुरांपुढे पडे, फडके धुऊन दोरीवर जाई. ‘कचरा’ म्हणून काही उरतच नसे.

तथापि त्या काळाचे नुसते गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही. पानातून कालवण गळे आणि वह्यांवर डाग पडत. पितळी डब्याला कल्हई नसेल, तर ताक किंवा चिंचेचे पदार्थ त्यात कळकत. कल्हईवाला नवसागराचा धूर काढीत दारी येईपर्यंत आईला वाट पाहावी लागे. पुढे अॅल्युमिनियमचा हलका डबा आला, तोही आंबटाने काळवंडे. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केलेल्या न गंजणाऱ्या पोलादाचा डबा आपल्या घरांत पुष्कळ उशिरा शिरला. त्यावर नाव कोरून घेण्यात केवढा अभिमान असे! आमच्या डब्यावर आमच्या थोरल्या बंधूंचे नाव होते, कारण तो डबा त्यांच्याकडून आमच्याकडे आला होता.

पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली, दुसराच प्रयोग चालू असताना, अनपेक्षितपणे लागला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांच्या आवरणासाठी ते वापरले गेले. युद्ध संपल्यावर त्याने घरात प्रवेश केला. आपल्याकडे १९६९ मध्ये बडोद्यास सरकारी पेट्रोरसायन कंपनी स्थापन झाली आणि पुढील दोन दशकांत प्लास्टिक स्वस्त होत गेले. शाळेत ते प्रथम आले ते डब्याच्या रूपाने: रंगीत, हलके, पडले तरी पोचा न येणारे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो डबा वर्षानुवर्षे टिके. मैदानावर साचणारा कचरा त्याने केला नाही.

कचरा आला तो डब्याची जागा पाकिटाने घेतली तेव्हा. बटाट्याचे तळलेले काप, बिस्किटे, केकचा तुकडा, नळीने प्यावयाचे सरबत हे सारे १९८० नंतरच्या काळात हळूहळू दप्तरात शिरले. या पाकिटांत प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि बहुधा धातूचा मुलामा एकमेकांना चिकटविलेला असतो. ते थर वेगळे करणे कठीण, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. पाच मिनिटांत रिकामे होणारे हे वेष्टण आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या नाल्यांतील पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ जून २०१८ पासून पिशव्या, थर्माकोल व एकदाच वापरावयाच्या ताटवाट्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, आणि त्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच आमची वसई व नालासोपारा दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. त्याला बावखले बुजविणे, बेसुमार बांधकाम अशी अनेक कारणे होती, पण गटारांत अडकलेली पाकिटेही आम्ही स्वतः पाहिली. १ जुलै २०२२ पासून देशभर नळ्या, चमचे, पेले यांवर बंदी आली. खाऊच्या पाकिटाला मात्र या कायद्यांनी हात लावलेला नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेची जबाबदारी आमच्याकडे असताना आम्ही आठवडाभराचा मधल्या सुटीतला कचरा एका कोपऱ्यात साठवावयास सांगितला. तो ढीग पाहून आम्ही संतापलो आणि ‘समस्त मातांस’ एक कडक सूचनापत्र धाडले. दुसऱ्याच दिवशी एक भगिनी भेटावयास आल्या. त्या म्हणाल्या, “फादर, पहाटेची गाडी पकडायची तर मला साडेचारला उठावं लागतं. डबा भरायला नि धुवायला घरात हात किती आहेत, हे तुम्ही विचारलंत का? आणि ते पत्र बापांना का नाही लिहिलंत?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. विरारहून मुंबईस लोकल गाडी १८६७ पासून जाते, विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ साली आली. याच मार्गाने आमच्या आया भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईस गेल्या आणि त्यांच्या लेकी पुढे कचेऱ्यांत व इस्पितळांत गेल्या. घरात पैसा आला, पण सकाळ आखूड झाली. त्या आखूड सकाळीत जी पोकळी पडली, ती पाकिटाने भरून काढली. जो इतिहास आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत होतो, तोच आम्हांस दिसला नव्हता.

आम्ही ते पत्र मागे घेतले आणि ‘समस्त कुटुंबांस’ दुसरे लिहिले. आदल्या रात्री वडिलांनी डबा काढून ठेवावा, शाळेतून आल्यावर मुलाने तो स्वतः धुवावा, घाईच्या दिवशी पाकिटाऐवजी केळे, उकडलेले अंडे किंवा चणे-शेंगदाणे द्यावेत. शाळेने पिण्याच्या पाण्याचा नळ दुरुस्त केला, तेव्हा विकतच्या बाटल्या आपोआप घटल्या. ढीग नाहीसा झाला नाही, पण निम्म्याहून लहान झाला. आणि आमच्या सणाच्या जेवणावळीतील थर्माकोलच्या पत्रावळीही आम्हांस बंद कराव्या लागल्या. मुलांनी त्यावर नेमके बोट ठेवले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळण्यासारख्या लहान नित्यकृत्यांना मोठे मोल दिले आहे. वाचकहो, ते मोल कोणी चुकवावयाचे, हा खरा प्रश्न आहे. एकट्या आईने चुकवावयाचे असेल, तर पाकीट परत येईल. घरातील प्रत्येक हाताने थोडे थोडे उचलले, तर थोरल्याचे नाव कोरलेला डबा धाकट्याच्या दप्तरात पुन्हा दिसू लागेल.